गोळी दिली का मी?

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ओटा आवरून मी दिवा मालवणार, तोच सासूबाईंच्या खोलीतून पुटपुटल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो त्या घामाने न्हाऊन निघालेल्या आणि मला 'वहिनी, वहिनी' म्हणून हाका मारताहेत. त्यांची वहिनी जाऊन वीस वर्षे झाली. शेजारचा मुलगा फार्मसीला आहे. तो धावत आला, बोटाला सुई टोचून त्याने रक्तातली साखर पाहिली. बेचाळीस. पाण्यात साखर कालवून घोट घोट पाजत आम्ही त्यांना कर्जतच्या एका इस्पितळात नेले. सलाइन लागले आणि पहाटे त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

"साखरेची गोळी किती वाजता दिली होती?" डॉक्टरांनी विचारले.

"साडेआठला," मी म्हणाले.

"नऊला दिलीस ना? मी पाहिलं," आमचे हे म्हणाले.

दोघेही खरे बोलत होतो. घरी येऊन पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, तेव्हा एकीच्या ऐवजी दोन कमी होत्या. साडेआठला घरात शिरता शिरता मी एक गोळी दिली होती आणि नऊला पोळ्या लाटून झाल्यावर दुसरी. त्यातली पहिली मला आजतागायत आठवत नाही.

तसे विसरणे काही नवे नव्हते. वर्षभरापासून चालले होते. गॅसवर दूध ठेवून विसरायचे, भाचीच्या साखरपुड्याची तारीख विसरायची, कचेरीत एकच व्हाउचर दोनदा तपासायचे. मी फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेब खात्यात आहे. तिथे एक विसरणे चार जणांच्या गळ्याशी येते. माझे वडील शेवटची पाच वर्षे सगळे विसरून गेले होते, अगदी आईचे नावसुद्धा. त्यामुळे प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा. घरात कुणाला बोलले नाही. बोलले ते लोकलच्या लेडीज डब्यात.

नेरळहून मुंबई दोन तासांची. एवढ्या वेळात आमच्या डब्यात भाजी निवडून होते, भिशीचा हिशेब होतो, पिना आणि टिकल्यांची खरेदी होते. वैद्यकी तर फुकट असते. एकीने ब्राह्मीच्या कॅप्सूल सांगितल्या, दुसरीने माशाच्या तेलाच्या. तिसरीच्या दिराचे औषधाचे दुकान, तिने बी-कॉम्प्लेक्स आणि वर एक मल्टिव्हिटॅमिन आणून दिले. वर्षभरात माझ्या पर्सचा दवाखाना झाला. गंमत म्हणजे स्मरणशक्तीची गोळी घ्यायलाच मी विसरत होते. आठवली की एकदम दोन घ्यायची. सासूबाईंच्या प्रकरणानंतर ही गंमत गंमत वाटेनाशी झाली.

मी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले आणि सगळ्या बाटल्या त्यांच्या टेबलावर ओतल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि विचारले, "झोपता किती?"

मी बोटांवर मोजले. झोपायला साडेअकरा, कधी बारा. उठायचे पावणेचारला. दोन डबे, सासूबाईंचा नाश्ता, पाणी भरणे, मग लोकल. म्हणजे झाले सव्वाचार तास. एरवी मी आकडेमोडीतली, पण ही बेरीज सतरा वर्षांत केली नव्हती.

त्यांनी रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि बी-१२. बी-१२ चांगलेच कमी निघाले. मला हायसे वाटले. चला, सापडले! डॉक्टर मात्र तेवढे खूश दिसले नाहीत.

बी-१२ची कमतरता आपल्याकडे घरोघरी आहे, हे मला तेव्हा कळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले होते. २००६ साली ते प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ६७ जणांत बी-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ जणांत. म्हणजे ज्यांच्या घरात दोन वेळा साजूक तुपाचा वास दरवळतो त्यांच्यातच जास्त! कारण साधे आहे. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात आणि डाळीत नाही. ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यात असते. आणि शाकाहारी घरातल्या बाईच्या वाट्याला दूध किती येते? चहापुरते. शिवाय पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, यांच्या आतड्यात ते नीट शोषले जात नाही. बी-१२ फारच कमी झाले तर हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि स्मरणशक्तीही खरोखरच घसरते. अशा माणसाला गोळी किंवा इंजेक्शन म्हणजे संजीवनी.

जीवनसत्त्वांना मी नावे ठेवणार नाही. ठेवू तरी कशी? या कथेचे एक पान आपल्या परळमध्ये लिहिले गेले आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घेतला. यीस्टपासून केलेले मार्माइट नावाचे स्वस्त, काळे, खारट चाटण त्या बायकांना दिले आणि त्यांच्या अंगात रक्त भरू लागले. त्या चाटणातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढे १९४०च्या दशकात उलगडले. आज प्रत्येक गरोदर बाईच्या हातात सरकारी दवाखान्यातून जी गोळी पडते, तिचे माहेर परळचे म्हणायला हरकत नाही. पण त्या बायकांच्या अंगात ते कमी होते, म्हणून दिल्यावर गुण आला. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले तर ते ओट्यावरच सांडणार. काही जीवनसत्त्वे तर सांडतही नाहीत, साचून राहतात. 'अ' आणि 'ड' त्यातली. बी-६ जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतले तर नसांनाच इजा होते. नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिले तर रक्त सुधारलेले दिसते आणि बी-१२ची कमतरता आत दडून नसा पोखरत राहते. माझ्या पर्सच्या दवाखान्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

बी-१२ची इंजेक्शने घेतली. दोन महिन्यांत पायाच्या मुंग्या गेल्या. जिना चढताना धाप लागायची तीही कमी झाली. विसरणे मात्र जिथल्या तिथे. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता दुसरं इंजेक्शन. ते माझ्याकडे नाही. आठ दिवस कुठंतरी जा आणि झोपा."

कुठे जाणार? नेरळच्या फलाटावरून रोज जो डोंगर दिसतो, त्यावर माझी मावशी राहते. माथेरानला.

दिवाळी उलटल्यावर गेले. दस्तुरी नाक्याला टॅक्सी थांबते. पुढे मोटारींना बंदी, म्हणून अडीच-तीन किलोमीटर तांबड्या मातीतून चालायचे. २०२२च्या डिसेंबरापासून ई-रिक्षाही सुरू झाल्या आहेत, पण मी चालतच गेले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट या डोंगरावर चढले आणि साहेबांचे 'हवापालट' इथे सुरू झाले. पूर्वी डॉक्टर लिहूनच द्यायचे, माथेरानला महिनाभर राहा. हवा चांगली आहेच. पण त्या गुणातला अर्धा वाटा मोटार नसलेल्या रात्रीचा असावा, असे माझे खाजगी मत आहे.

पहिल्या रात्री बरोबर पावणेचारला डोळे उघडले. दुसऱ्या रात्रीही. अंधारात पडून राहिले. दूर कुठेतरी घोडा फुरफुरला, पत्र्यावर माकडाने उडी मारली. शरीराचे घड्याळ असे सहजी मागे-पुढे होत नाही. ते घड्याळ पेशीत कसे चालते हे शोधणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. मला मात्र ते बंद करायची कळ हवी होती. मावशी म्हणाली, "अगं, भुकेला कोंडा निजेला धोंडा म्हणतात. तुला गादी देऊन झोप नाही म्हणजे तू दमायचंसुद्धा विसरलीस." दिवसभर तिने मला शार्लोट तलावापर्यंत चालवले, दुपारी निजू दिले नाही आणि साडेआठला दिवा घालवला. तिसऱ्या रात्री मी झोपले ती सकाळी सहाला उठले.

पडल्या पडल्या डॉक्टरांचे बोलणे आठवत होते. मी हिशेब खात्यातली म्हणून त्यांनी माझ्याच भाषेत सांगितले होते. दिवसभराचे व्यवहार मेंदू आधी रोजकीर्दीत टिपतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, ते काम त्याचे. रात्री गाढ झोपेत त्या नोंदींची खतावणी होते, त्या त्या खात्यावर कायमच्या चढतात. ही कल्पना आजची नाही. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला लावली. पाठांतरानंतर झोपले तर पुष्कळ आठवायचे, जागे राहिले तर बरेच पुसले जायचे. मेंदूच्या लहरी मोजून त्यावर पुढे खूप काम झाले. आणि अपुरी झोप नुसती खतावणीच थांबवत नाही. रोजकीर्द लिहिणारा कारकूनच पेंगायला लागतो. लक्ष नसते, म्हणून नोंदच होत नाही.

"तुम्ही ती पहिली गोळी विसरला नाहीत," डॉक्टर म्हणाले होते. "तुमच्या वहीत ती लिहिलीच गेली नव्हती."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, तिने मी हादरले. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले. शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. पण विचारले तर म्हणत, थोडी झोप येतेय एवढेच. ज्याची झोप तुटते त्यालाच ते कळत नाही. माझे तर सव्वाचार तास, आणि मी सगळ्यांना अभिमानाने सांगायची, "मला झोप कमीच लागते."

पाचव्या दिवशी मावशीने बाजारातून सहा जिनसा आणायला सांगितल्या. चिठ्ठी न करता गेले आणि सहाच्या सहा आणल्या, वर तिच्या सुनेने जाताना सांगितलेली काड्यापेटीसुद्धा. मावशीला त्यात काही विशेष वाटले नाही. मी मात्र ओट्यापाशी पिशवी रिकामी करता करता रडले.

लहानपणी मावशी आम्हा भावंडांकडून माथेरानचे पॉइंट पाठ करून घ्यायची. एको, लुईझा, मंकी, हार्ट, पॅनोरमा, गार्बट, अलेक्झांडर, रामबाग, वन ट्री हिल... ते मला पहिल्या दिवशीही घडाघडा आठवत होते. जुन्या खात्यांना धक्का लागला नव्हता. वडिलांचे तसे नव्हते, त्यांचे घराकडे जायचे रस्तेसुद्धा पुसले गेले होते. ओळखीच्या वाटेवर माणूस चुकू लागला, तोच तोच प्रश्न दर पाच मिनिटांनी विचारू लागला, तर झोपेचे निमित्त सांगत बसू नये, तज्ज्ञांना दाखवावे. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि श्वास अडकून दचकणाऱ्या माणसाने आठ तास अंथरुणात काढले, तरी त्याला खरी झोप मिळत नाही, तेही तपासून घ्यावे. आणि झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यातल्या काही स्मरणशक्तीवरच उलटतात.

मल्टिव्हिटॅमिनचे काय? अमेरिकेत पासष्टीपुढच्या सुमारे सहा हजार पुरुष डॉक्टरांना बारा वर्षांपर्यंत ते देऊन पाहिले. बुद्धीत किंवा स्मरणशक्तीत फरक पडला नाही, असे २०१३ साली जाहीर झाले. २०२३ साली वयस्क माणसांच्याच दुसऱ्या एका चाचणीत थोडासा फायदा दिसला. वाद चालू आहे, चालू दे. सव्वाचार तास झोपणाऱ्या बाईची झोप भरून काढील अशी गोळी दोन्हीकडे कुणी शोधलेली नाही.

खरा प्रश्न डोंगर उतरल्यावर होता. माझी झोप वाढायची तर पावणेचारला दुसरे कुणीतरी उठायला हवे, किंवा कुणीच उठायला नको. आमच्या यांचे काम नेरळातच, दहाला सुरू होणारे. इतकी वर्षे त्यांचाही डबा मी पहाटेच करत होते, का ते दोघांनाही सांगता येईना. मुलगा म्हणाला, "मी कँटीनमध्ये खाईन." हे गप्प बसले. चार दिवस घरात धुसफूस होती, ती कशाला लपवू? तोंड फोडले ते सासूबाईंनी. यांना म्हणाल्या, "अरे, पाणी येतं तेव्हा नळ सोडायला तुला हात नाहीत का?"

आता पाणी हे भरतात. पोळ्या शेजारच्या बाई करून देतात, महिन्याचे पैसे ठरले आहेत. रात्रीचे जेवण आठच्या आत आटोपायचा प्रयत्न असतो, तो आठवड्यातून दोनदा फसतो. मी दहाला पडते आणि पावणेपाचला उठते. डॉक्टर म्हणतात, अजून थोडी हवी. गाडी चुकवून मिळणार नाही, म्हणून रविवारी दुपारी अर्धा तास. पर्समध्ये आता एकच बाटली आहे, बी-१२ची, त्यांनी लिहून दिलेली.

सासूबाईंची गोळी अजून मीच देते. तो हक्क त्यांनी काढून घेतला नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मात्र दोरीने पेन्सिल बांधली आहे. परवा गाडी तासभर रखडली, घरी आले तेव्हा डोके सुन्न झाले होते. पोळीचा घास हातातच राहिला आणि विचारले, "आई, गोळी दिली का मी?"

त्यांनी टीव्हीवरची नजर न हलवता पेन्सिलीकडे बोट केले. तारखेखाली बारीक रेघ होती.