ओंडका फोडताना

जाड ओंडका तसाच चुलीत सारला तर पेटत नाही, नुसता धुमसत राहतो. लाकूड जळते ते पृष्ठभागावरून. ओंडक्याला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, आणि तोही बराचसा सालीने झाकलेला. तोच ओंडका उभा फोडून त्याची सहा-आठ फाळकी केली की आतले अंग उघडे पडते, हवा मिळते आणि जाळ धरतो. फोडण्याचे याहून मोठे कारण म्हणजे वाळणे. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असू शकते. खोडातल्या नळ्या उभ्या असल्याने हे पाणी मुख्यतः कापलेल्या दोन टोकांतून बाहेर पडते; आडव्या दिशेने ते दहा-पंधरा पटींनी सावकाश सरकते, आणि वर साल त्याला अडवते. त्यामुळे न फोडलेला जाड ओंडका उन्हात वर्षभर पडून राहिला तरी गाभ्यात ओलाच सापडतो.

या ओलेपणाची किंमत मोजता येते. पूर्ण कोरडे लाकूड किलोला सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता देते. निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडात खरे जळण अर्धाच किलो, म्हणजे उष्णता २,२५० किलोकॅलरी. त्यातली ३०० किलोकॅलरी उरलेल्या अर्ध्या किलो पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. हा सातवा-आठवा हिस्सा एकवेळ सोडून देता येईल, पण धुराचे काय? वाफेमुळे जाळाचे तापमान खाली येते, लाकडातून निघणारे वायू पुरते न जळताच बाहेर पडतात आणि स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत आणि छातीत जातात. चुलीच्या धुराविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यातला मोठा वाटा ओल्या, जाड सरपणाचा असतो, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

लाकूड उभे फुटते, आडवे फुटत नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. खोडातल्या बहुसंख्य पेशी लांबट असून खोडाच्या दिशेनेच एकमेकींना चिकटून उभ्या असतात. आडवे तोडायचे तर या पेशी कापाव्या लागतात, उभे फोडायचे तर त्या फक्त एकमेकींपासून सोडवायच्या असतात. शिवाय गाभ्यापासून सालीकडे काष्ठकिरण नावाचे पेशींचे पातळ पट्टे गेलेले असतात आणि त्या रेषेत लाकूड अधिक सहज उकलते. निसर्ग ही रेष आखूनही देतो. वाळताना लाकूड परिघाच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच त्रिज्येच्या दिशेने आकसते. या ओढाताणीत ओंडक्याच्या तोंडावर गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या भेगा पडतात. जाणता माणूस घाव घालण्याआधी ओंडका फिरवून या भेगा पाहतो आणि सर्वांत लांब भेग निवडतो. भेगेला आडवा घातलेला घाव म्हणजे फुकटचा घाम.

जातीजातीत मोठा फरक पडतो. सुरूचे लाकूड कठीण खरे, पण तडकणारे. कोकण किनाऱ्यावर ते उत्तम जळण मानले जाते. बाभळीचे लाकूड किलोला ४,८०० किलोकॅलरीच्या पुढे जाते आणि त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. कडुनिंबाचे धागे मात्र एका थरात एकीकडे आणि पुढच्या थरात दुसरीकडे कललेले, एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून फाळके निघतानाही ते धाग्यांनी ओंडक्याला धरून राहते. चिंचेचे तर नावच नको. खाटकाच्या दुकानातला ओंडका चिंचेचा असतो तो ती फुटत नाही म्हणूनच. शेवगा आणि पांगारा पटकन फुटतात, पण हलके असल्याने भुर्रकन जळून जातात. जंगलातून आणलेल्या लाकडात बिबा नाही ना, हे आधी पाहावे. त्याचा चीक अंगावर उततो, आणि असे लाकूड फोडायलाही नको, जाळायलाही नको.

ओले फोडावे की वाळलेले, याबद्दल गावोगाव मतभेद आहेत. निलगिरी आणि बाभूळ वाळल्यावर दगडासारखी होतात, ती ओली असतानाच फोडणे शहाणपणाचे. सरळ रेषेची लाकडे भेगा पडेपर्यंत थोडी सुकू दिली तर बरे. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत लोक कडाक्याच्या थंडीची वाट पाहतात. आतले पाणी गोठले की लाकूड ठिसूळ होते आणि चटकन उकलते. महाराष्ट्रात ती सोय नाही.

हत्यारांत पहिला घोळ कुऱ्हाडीपासूनच होतो. झाड तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची आणि धारदार असते, कारण तिला धागे कापायचे असतात. तीच जाड ओंडक्यात मारली तर खोल रुतून बसते आणि निघता निघत नाही. फोडायच्या कुऱ्हाडीचे पाते धारेपासून मागे झपाट्याने जाड होत जावे लागते. धार लाकडात शिरण्यापुरती, पुढचे काम जाड गालांचे. तिचे वजन अडीच-तीन किलो पुरते. त्याहून जड कुऱ्हाडीचा मोह पडतो, पण हिशेब वेगळा आहे: वजन दुप्पट केले तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. जी कुऱ्हाड वेगाने खाली आणता येत नाही, ती कितीही जड असली तरी उपयोगाची नाही. दांडा धामण, तिवस किंवा बाभळीचा, सरळ रेषेचा, गाठ नसलेला असावा. धामणीचे लाकूड लवचीक असल्याने हाताला हादरा कमी बसतो. बाभळीच्या दांड्याने बाभूळच फोडली जाते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे ठरते.

ओंडके आधी करवतीने कापून घ्यावे लागतात. घरच्या चुलीला हात-सव्वा हात लांबीची कांडकी पुरतात. दोन्ही टोके सरळ कापलेली असली तरच कांडके उभे राहते. ते जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या उंचीच्या, रुंद आणि गाठाळ ठोकळ्यावर ठेवतात. जमीन मऊ असल्याने घावाचा निम्मा जोर पिते, आणि पाते आरपार गेले तर दगडावर आपटून बोथट होते. ठोकळ्याचा खरा फायदा मात्र पायांना आहे: चुकलेला घाव ठोकळ्यात थांबतो, नडगीपर्यंत येत नाही. पाय खांद्याइतके फाकवून समोरासमोर उभे राहायचे, कुऱ्हाड सरळ डोक्यावर न्यायची, खाली येताना वरचा हात दांड्यावरून खालच्या हाताकडे घसरू द्यायचा आणि शेवटी गुडघे किंचित वाकवायचे. गुडघे वाकले की पाते सरळ खाली उतरते. ताठ उभे राहिले तर ते गोल फिरून पायाकडे येते. नजर पात्यावर नको, भेगेवर हवी.

वीतभर जाडीचे कांडके मधोमध दुभंगते. हातभर किंवा त्याहून जाड ओंडक्याच्या मधोमध घाव घालणे ही मात्र हटकून होणारी चूक. तिथे चोहोबाजूंनी लाकूड घट्ट असते आणि पात्याला पसरायला जागा मिळत नाही. अशा ओंडक्याच्या आपल्याकडच्या कडेपासून सुरुवात करावी. कडेची चार बोटे जाडीची फळी बाहेरच्या बाजूला मोकळी असल्याने लवते आणि सुटते. ओंडका, किंवा स्वतः, थोडे थोडे फिरत कडा काढत गेले की शेवटी मधला लहान गाभा उरतो, तो सहज फुटतो. पलीकडच्या कडेवर घाव घालायला जाऊ नये. अंतर थोडे चुकले की पाते पुढे जाते आणि दांडा पात्याच्या लगेच खाली ओंडक्याच्या कडेवर आपटतो. दांडे तुटतात ते बहुधा याच जागी, म्हणून तेवढ्या भागावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवतात.

कुऱ्हाडीला दाद न देणाऱ्या ओंडक्याला घण आणि पाचरी लागतात. लग्नाच्या चुलाणाला किंवा स्मशानात लागणारी लांब लाकडे तर ओंडका आडवा ठेवून पाचरींनीच फोडतात. पहिली पाचर तोंडाजवळच्या भेगेत हलक्या ठोक्यांनी बसवायची आणि ती धरली की घणाचे पुरे घाव घालायचे. लाकूड करकरायला लागते, भेग पुढे पळते. मग दुसरी पाचर भेगेच्या पुढच्या टोकाजवळ ठोकायची. ती आत गेली की पहिली आपोआप सैल होते आणि हाताने उचलता येते, तीच पुढे न्यायची. दोन पाचरी अशा आळीपाळीने शेवटपर्यंत जातात. लोखंडी दोनच असतील आणि दोन्ही अडकल्या, तर वाळलेल्या बाभळीची लाकडी पाचर तिसऱ्या जागी मारून त्या सोडवता येतात. दोन्ही अंगांना धरून राहिलेले धागे कुऱ्हाडीने कापायचे. पाचरीवर घणच चालवावा. कुऱ्हाडीचा तुंबा हातोडा म्हणून वापरला तर दांडा बसतो ते नेढे फाकते, आणि फाकलेल्या नेढ्यातून पाते कधी निसटेल याचा नेम नाही.

गाठ म्हणजे खोडात गाडली गेलेली फांदी. तिच्याभोवती धागे वळसा घेतात आणि भेग तिथे येऊन थांबते. गाठीचे टोक खाली ठेवून स्वच्छ टोकाकडून सुरुवात केली, तर भेगेला गाठीपर्यंत पोचेस्तोवर जोर आलेला असतो. दोन फांद्या फुटतात त्या बेचक्याचा ओंडका सर्वांत चिवट. दोन्ही फांद्यांचे गाभे ज्या रेषेत येतात, त्या रेषेवर पाचर मारली तर तो फुटण्याची आशा असते. तरीही हटला नाही, तर त्याच्याशी झुंजत बसू नये, होळी येतेच.

दुखापती बहुतेक पायाच्या, डोळ्याच्या आणि कमरेच्या. घणाचे घाव खाऊन पाचरीचे डोके चेपते, त्याच्या कडा बाहेर वळतात आणि त्यांचे कपचे गोळीसारखे उडतात. त्या कडा वेळच्या वेळी घासून काढाव्यात आणि डोळ्यांवर साधा चष्मा तरी असावा. सुरू करण्याआधी पाते दांड्यावर घट्ट आहे का, हे पाहावे. सैल दांडा पाण्यात बुडवून फुगवण्याची युक्ती दिवसभर टिकते. वाळला की तो आणखी सैल होतो. फोडणाऱ्याच्या पुढे-मागे दोन-तीन वावांत कोणी, विशेषतः पोरे, नसावीत.

ओंडके येतात कुठून, यालाही कायदा आहे. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या अधिनियमानुसार साग, खैर, मोह, चिंच, आंबा, फणस यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

फोडायचा हंगाम माघ ते चैत्र. मग वैशाखाचे ऊन पुरेपूर मिळते. फाळकी दगडांवर किंवा जुन्या वाशांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचावीत, टोकांना आडवी-उभी घालून रास बांधावी आणि वारा आरपार जाऊ द्यावा. पाण्याच्या बंबाला ढलप्या, चुलीला मनगटाएवढी, चुलाणाला मांडीएवढी अशा वेगळ्या राशी केल्या तर पुढे शोधाशोध होत नाही. दोन फाळकी एकमेकांवर आपटली की वाळलेली खणखणतात, ओली बद्द वाजतात. राशीत विंचू आणि फुरसे आसरा घेतात, म्हणून लाकूड आधी काठीने हलवावे, मग हात घालावा. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या संशोधनातून दाखवून दिले. दंश झाला तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते. त्याआधी रास पडवीत जायला हवी. कोकणातल्या पावसाळी हवेत छपराखालचे वाळलेले लाकूडही ओल ओढून घेते आणि त्यातले पाणी पुन्हा १८-२० टक्क्यांवर जाते. म्हणून उद्याचे सरपण आजच चुलीच्या वर बांबूंच्या मांडणीवर ठेवतात. रात्रभराच्या उबेत ते सकाळी पेटण्याजोगे होते.