भाग आणि मत

आपल्या चंदगड तालुक्यात पुष्कळ घरांत एक कागद जपून ठेवलेला असतो. कुणी तो ट्रंकेत ठेवतो, कुणी देवघराच्या फळीवर. त्यावर संस्थेचे नाव असते, सभासदाचे नाव असते आणि रक्कम लिहिलेली असते. हा भागाचा दाखला. भाग म्हणजेच शेअर.

या कागदाबरोबर एक हक्क येतो. तो हक्क म्हणजे मत. कागद सगळे जपतात. मत मात्र पुष्कळजण निवडणुकीच्या आदल्या रात्री देऊन टाकतात. आम्ही बरीच वर्षे मुलांना हिशेब शिकवला. आज हाच हिशेब मोठ्या माणसांबरोबर करून पाहू.

भाग म्हणजे काय?

साखर कारखाना उभा करायला कोट्यवधी रुपये लागतात. एकट्या शेतकऱ्याला ते कसे जमणार? म्हणून हजारो शेतकरी थोडे थोडे पैसे घालतात. ज्याने पैसे घातले तो भागधारक. म्हणजे कारखान्याचा एक लहानसा मालकच.

नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी असेच पैसे गोळा केले. विठ्ठलराव विखे पाटील त्यांचे पुढारी होते. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे अर्थशास्त्राचे जाणकार पाठीशी उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात त्या कारखान्यात पहिले गाळप झाले. पुढे महाराष्ट्रभर असे कारखाने निघाले. आपल्या तालुक्यात हलकर्णीला दौलत शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

भाग दोन तऱ्हेचे

एक भाग सहकारी संस्थेचा. दुसरा भाग कंपनीचा. दोन्हींना शेअरच म्हणतात, पण दोन्हींची रीत वेगळी.

कंपनीत जितके भाग तितकी मते. ज्याचे हजार भाग त्याची हजार मते. ज्याचा एक भाग त्याचे एकच मत. तिथे पैसा बोलतो.

सहकारी संस्थेत तसे नाही. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० सालचा आहे. त्यात सांगितले आहे की एका सभासदाला एकच मत. भाग एक असो की पन्नास असोत. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला मतपेटीपुढे सारखेच.

दुसरा फरक विकण्याचा. मोठ्या कंपन्यांचे भाग शेअर बाजारात विकता येतात. मुंबईचा शेअर बाजार १८७५ सालापासून चालू आहे. आता भागाचा कागद नसतो, खात्यात नोंद असते. भाग विकला की कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात. कारभार पटला नाही तर विकून मोकळे होता येते.

सहकारी भाग असा बाजारात विकता येत नाही. निदान वर्षभर तो आपल्याकडे असावा लागतो. मग तो संस्थेला, दुसऱ्या सभासदाला, किंवा संस्थेने सभासद म्हणून पत्करलेल्या माणसालाच देता येतो.

आता नीट ध्यानात घ्या. कंपनीवाल्याला कारभार आवडला नाही तर तो निघून जातो. आपण कुठे जाणार? आपले शेत इथे, ऊस इथे, कारखाना इथे. आपल्या हातात एकच साधन उरते, ते म्हणजे मत.

कारखाना बंद पडला की काय होते?

दौलत कारखाना मधले काही हंगाम बंद राहिला. पुढे २०१९ साली तो भाडेकराराने एका कंपनीकडे चालवायला गेला. असा मोठा कारखाना थंडावला की नुसते धुराडे थांबत नाही. कामगाराचा पगार थांबतो. ऊस लांब न्यावा लागतो. हॉटेलवाला, गॅरेजवाला, किराणा दुकानदार, सगळ्यांचा धंदा बसतो. भागाचा कागद ट्रंकेत तसाच असतो, पण त्यातला जीव जातो.

म्हणून संचालक निवडणे हे काही जत्रेतले कुस्तीचे मैदान नव्हे. आपला गट जिंकला, गुलाल उधळला, एवढ्यावर भागत नाही. पुढली पाच वर्षे तोच आपल्या उसाचा कारभार बघणार असतो.

उमेदवार कसा पारखावा?

आपण बाजारात बैल घ्यायला गेलो तर काय करतो? दात बघतो. चालवून बघतो. जुवाखाली धरून बघतो. नुसती शिंगे रंगवली म्हणून कुणी बैल घेत नाही. उमेदवारालाही असेच पारखावे. दारात आला की आदराने बसवावे, पाणी द्यावे आणि विचारावे :

“अण्णा, मागल्या वेळी तुम्ही संचालक होता. उसाचे बिल चौदा दिवसांत मिळाले का?” हा नियम १९६६ सालच्या केंद्र सरकारच्या आदेशातला आहे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे, असेही त्यात आहे.

“संस्थेवर कर्ज किती? मागल्यापेक्षा वाढले की घटले?”

“हिशेबतपासणीत संस्थेला कोणता वर्ग मिळाला, अ की ड?”

“तुमच्याकडे संस्थेची थकबाकी आहे का? ठेके कुणाला दिले?”

जो शांतपणे उत्तर देतो त्याचा विचार करावा. जो म्हणतो, “तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” त्याला ओळखून असावे. शेवटचा तपासलेला ताळेबंद संस्थेच्या कचेरीत जाऊन पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. आता आपल्याला वाचता येते. मग का पाहू नये?

पाचशे रुपयांचा हिशेब

समजा, कुणी मतासाठी पाचशे रुपये दिले. पाच वर्षांचे दिवस १८२५. पाचशेला त्याने भागा. दिवसाला २७ पैसे येतात. तेवढ्यात चहाचा घोटही येत नाही.

आता दुसरी बाजू. समजा, आपला ऊस ४० टन. वाईट कारभारामुळे टनाला १०० रुपये कमी मिळाले. वर्षाला ४००० रुपये गेले. पाच वर्षांत २०,००० गेले. पाचशे घेतले आणि वीस हजार दिले. हा कसला व्यवहार?

ग्रामपंचायत, विधानसभा आणि लोकसभा यांच्या निवडणुकीत तर मतासाठी पैसे देणे हा गुन्हा आहे आणि घेणे हाही गुन्हा आहे. मत गुप्त असते. कुणी धाक घातला तरी भिण्याचे कारण नाही.

कंपनीचा भाग केव्हा विकावा?

आपल्या गावची पोरे आता पुण्या-मुंबईला, बेळगावला नोकरी करतात. काहीजण मोबाईलवर शेअर घेतात. त्यांनाही दोन शब्द सांगू.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे अंदाज आले आणि ३ जूनला बाजार उसळला. दुसऱ्या दिवशी खरा निकाल वेगळा लागला. सेन्सेक्स म्हणजे ३० मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा. तो एका दिवसात ४,३०० हून जास्त अंकांनी पडला. घाबरून पुष्कळांनी भाग विकले. पण ७ जूनला तोच आकडा ३ जूनच्याही वर गेला. तीन दिवस धीर धरणाऱ्याचे काही गेले नाही.

दर वेळी बाजार असा लगेच सावरेल असे मात्र नाही. म्हणून विकण्याआधी तीन गोष्टी मनाशी विचाराव्या. मी हा भाग का घेतला होता? ते कारण आता मोडले आहे का? घरात पैशाची खरी गरज आहे का? कंपनीचा कारभार बिघडला असेल तर विकावे. घरात आजारपण किंवा शिक्षण असेल तर विकावे. शेजारी ओरडतो म्हणून विकू नये. आणि कर्ज काढून भाग कधी घेऊ नये.

ध्यानात ठेवा

१. दाखल्यावर नाव बरोबर आहे ना, ते वाचून पाहा. घरातल्या बाईच्या नावेही भाग असू द्या.

२. वार्षिक सभेला जा. सही करून परत फिरू नका. अहवाल वाचा, एक तरी प्रश्न विचारा.

३. उमेदवाराचे काम पाहा. भावकी आणि पाहुणे मागाहून पाहा.

४. भाग गरजेला विकता येतो. मत विकण्याची वस्तू नव्हे.