आधी गिऱ्हाईक, मग भागीदार, शेवटी मालक

लढाईच्या काळात सरकारला कारखानदाराची गरज पडते आणि बंद दारे उघडतात. पण पुढे काय होते, हे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या विमान कारखान्यावरून व्यापाऱ्यांनी समजून घ्यावे.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर वालचंदांनी देशातच विमाने बनवण्याचा बेत आखला. त्यांना मोठा आधार दिला म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी. संस्थानने बंगलोरला जमीन दिली, २५ लाख रुपये गुंतवले. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली गेली. १९४१ मध्ये इंग्रज सरकारही भागीदार झाले. विमानांची ऑर्डरही त्याच सरकारची.

१९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. सरकारला कारखाना पूर्ण ताब्यात हवा होता. एप्रिलमध्ये वालचंदांचा हिस्सा सरकारने विकत घेतला. गिऱ्हाईक तेच, भागीदार तेच आणि हुकूमतही त्याचीच. तिथे एकट्या कारखानदाराचे काय चालणार?

वालचंद मात्र बुडाले नाहीत. जहाजे, साखर, बांधकाम असे त्यांचे दुसरे धंदे चालू होते. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली.

आपल्या कारागीर बांधवांनीही सरकारी ऑर्डर जरूर घ्यावी, पण बाजारातले जुने गिऱ्हाईक सोडू नये. भागीदारी सुटली तर हिस्सा कोणत्या भावाने जाईल, हे आधीच लिहून घ्यावे. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. तो मोठ्या सौद्यात विसरू नये.