उसाच्या मळ्यातील शेजारी

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्याच्या वस्त्यांत मगरी शिरल्या. आमच्या मांजलपुरातही तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते : धरा आणि लांब नेऊन सोडा. वर्गातील एका मुलीने मला विचारले, "बाई, लांब म्हणजे कुणाच्या दारात?" मला तत्काळ उत्तर सुचले नाही. पुढे ध्यानात आले की, नेमक्या याच प्रश्नाचा शोध एका संशोधिकेने महाराष्ट्रात अनेक वर्षे घेतला आहे. त्यांचे नाव डॉ. विद्या अत्रेय, आणि त्यांचा प्राणी मगर नव्हे, तर बिबट्या.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका उसाने हिरवागार झाला आणि त्या दाट उसात बिबट्यांनी संसार थाटले. 2001 ते 2003 या काळात तेथे पिंजरे लावून बिबटे धरण्यात आले आणि दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. असे 29 बिबटे सरासरी सुमारे 40 किलोमीटर अंतरावर नेले गेले. हेतू भूतदयेचा होता, माणसांच्या रक्षणाचाही होता. परंतु अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी पडताळून पाहिल्या, तेव्हा विपरीतच दिसले. पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. या काळात ते 17 झाले. त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेले.

असे का व्हावे? बिबट्याला आपल्या मुलखाची खडान्खडा माहिती असते. माणूस केव्हा शेतात असतो, कोणत्या वाटेने टाळावा, हे तो अनुभवाने शिकलेला असतो. पिंजऱ्यात अडकून, माणसांच्या गराड्यात बिथरून तो अनोळखी रानात उतरला की, हे सारे ज्ञान निरुपयोगी ठरते. आणि त्याची मोकळी झालेली जागा? तेथे दुसरा बिबट्या येतो. म्हणजे एका गावाची चिंता मिटत नाही, आणि दुसऱ्या गावाची सुरू होते.

बिबट्या सोडल्या जागी राहतो, हाही भ्रमच ठरला. 2009 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक नर बाहेर काढण्यात आला. संशोधकांनी त्याला 'आजोबा' हे नाव दिले, गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारा पट्टा घातला आणि माळशेज घाटात त्याला सोडले. आजोबा तेथे थांबला नाही. सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. 2011 च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्याचा बळी घेतला. कातडीखाली बसविलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या खुणेवरून त्याची ओळख पटली. तोच महामार्ग पुढे आपल्या बडोद्यावरून जातो, हे आठवले की मन क्षणभर थबकते.

अकोले तालुक्यातील त्यांचा अभ्यास याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. राखीव जंगल नाही, चोहीकडे शेती आणि दर चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक माणसे. तेथे आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावल्यावर 100 चौरस किलोमीटरमागे जवळजवळ 5 प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या परीक्षणावरून दिसले की, त्यांचे 87 टक्के भक्ष्य पाळीव प्राण्यांचे होते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा. तरीही तेथे माणसांवरील हल्ले क्वचितच होत. गावकरी त्याला 'वाघोबा' म्हणत आणि आपापल्या कामाला लागत.

यावरून बिबट्या निरुपद्रवी आहे, असे कोणी समजू नये. जुन्नर-शिरूरच्या परिसरात 2025 सालीही मुले-माणसे दगावली. ज्या आईचे लेकरू गेले, तिला आकडे सांगून सांत्वन होत नाही. माणसे मारणाऱ्या जनावराचा बंदोबस्त करावाच लागतो. परंतु केवळ दिसला म्हणून धरणे, आणि धरला म्हणून दूर सोडणे, हा उपाय नव्हे. केंद्र सरकारच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांतही ही दृष्टी आली. गोठा रात्री पक्का बंद असावा, उकिरडे व मोकाट कुत्री कमी व्हावीत, अंधारात लहान मुलांना एकटे सोडू नये आणि बिबट्या दिसताच गर्दी करू नये. उपाय साधे आहेत. पण ते रोज पाळावे लागतात.

मगरीचा स्वभाव निराळा, बिबट्याचा निराळा. एकाचा नियम दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडणार नाही. परंतु त्या मुलीचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. आता मी तिला एवढे सांगू शकते : बाळ, 'लांब' नावाचे गाव नकाशावर कोठेच नाही. तेथेही कोणाचे तरी दार असते.

(नभोवाणीवरील भाषणावरून)