काळा ठिपकेदार ग्रॅनाईट : घरासाठी व विहारासाठी निवडताना

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पत्र्याच्या व कुडाच्या घरातून विटा-सिमेंटच्या घरात आली. कुणी सेवानिवृत्तीच्या फंडातून, कुणी कर्ज काढून जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथे घर बांधले. वर्गणी गोळा करून विहारेही उभी राहिली. बांधकाम संपत आले की एक प्रश्न हमखास पुढे येतो. ओट्याला, जिन्याला, बुद्धमूर्तीच्या आसनाला दगड कोणता लावावा? बहुतेकांच्या मनात काळा, आत चांदण्या पेरल्यासारखा ठिपकेदार ग्रॅनाईट असतो. दगड देखणा आहे, यात शंका नाही. पण तो महाग आहे आणि एकदा बसविला की बदलता येत नाही. दुकानात मात्र आपण दहा मिनिटांत निर्णय घेतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नावाविषयी. खरा ग्रॅनाईट हा क्वार्ट्झ, फेल्डस्पार व अभ्रक यांचा बनलेला, बहुधा फिकट, करडा किंवा गुलाबी दगड असतो. बाजारात मात्र जो कठीण आहे व ज्याला आरशासारखी झिलई येते, तो ग्रॅनाईट. सोनेरी-तांबूस ठिपक्यांचा प्रसिद्ध काळा दगड, ज्याला व्यापारी ब्लॅक गॅलॅक्सी म्हणतात, तो आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात ओंगोलजवळच्या चिमाकुर्ती येथे निघतो. भूशास्त्राच्या भाषेत तो गॅब्रो जातीचा आहे, आणि त्यातले चमकणारे ठिपके ब्राँझाईट या खनिजाचे आहेत. गंमत अशी की गॅब्रो हा आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाचाच भाऊ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भूपृष्ठावर वाहिला, लवकर थंड झाला व बारीक कणांचा बेसाल्ट झाला. जालना जिल्हा त्याच बेसाल्टवर वसला आहे. तसाच रस जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश थंड झाला की कण मोठे होतात आणि गॅब्रो तयार होतो. आपल्या बेसाल्टला भेगा व पोकळ्या फार, त्यामुळे त्याच्या मोठ्या फरशा सहसा निघत नाहीत. सबब आपला दगड पायात आणि खडीत जातो, आणि त्याचा भाऊ आंध्रातून ट्रकने येऊन ओट्यावर बसतो.

दगड पारखणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. बिहारमधील बराबर टेकड्यांतील ग्रॅनाईटच्या लेण्या सम्राट अशोकाने आजीवक साधूंना दान दिल्या. त्यांच्या भिंतींची झिलई सव्वादोन हजार वर्षांनंतरही टिकून आहे. उलट आपल्या जवळच्या पितळखोरा लेण्यांत खडक कच्चा निघाला आणि बराच भाग ढासळला. कारागीर दोन्हीकडे कसबी होते. फरक दगडाचा होता.

आता दुकानात काय पाहावे ते सांगतो. हातभर नमुना पाहून मागणी नोंदवू नये. ठिपक्यांची दाटी एका ठोकळ्यातून दुसऱ्या ठोकळ्यात बदलते. एका फरशीवर चांदण्यांचे आभाळ आणि शेजारच्या फरशीवर चार-दोन ठिपके, असा ओटा पुढे कायम डोळ्यांत खुपतो. म्हणून एकाच ठोकळ्याच्या फरशा मागाव्यात, आणि त्या दुकानातील पिवळ्या दिव्याखाली न पाहता बाहेर उन्हात पाहाव्यात. ठिपका उजेडाच्या कोनावर चमकतो. ज्या स्वयंपाकघराला एकच लहान खिडकी आहे तिथे तो चमकणार नाही, उलट खोली अधिकच अंधारी वाटेल. अशा घरात आमच्या मते करडा दगडच बरा.

त्यानंतर फरशीवर पाणी ओतून ती वाळू द्यावी. सगळी फरशी वाळल्यावरही एखादी ओली रेघ मागे राहिली तर ती भेग समजावी, कारण मेण किंवा तेल चोळून भेग झाकता येते, पण पाणी ती उघडी पाडते. फरशी उलटून पाठ पाहावी. पाठीला जाळी चिकटवलेली असेल तर दगड नाजूक आहे का, हे स्पष्ट विचारावे. नाण्याने टिचकी मारल्यास निकोप फरशी खणखणते, भेगाळलेली बद्द वाजते. काही ठिकाणी करडा दगड रंगवून काळा केला जातो. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढण्याचा द्रव घेऊन घासावे. फडके काळे झाले तर तो रंग आहे. जाडी स्वतः टेपने मोजावी, कारण वीस मिलिमीटर म्हणून सोळाची फरशी खपवली जाते. कडेचा वाकडातिकडा भाग मापात धरला आहे का, तेही विचारून घ्यावे. दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

ओट्यासाठी हा दगड खरोखर उत्तम. पूर्वीपासून आपण कडप्पा वापरतो. तो चुनखडीच्या जातीचा आहे, त्यामुळे लिंबू, चिंच, दही सांडले की पांढरट डाग पडतात आणि मग बाया खोबरेल तेल चोळून त्याला काळा करतात. गॅब्रोवर लिंबाचा असा परिणाम होत नाही. मात्र वीस मिलिमीटर जाडीच्या फरशीचे वजन चौरस फुटाला साडेपाच किलोच्या आसपास भरते. आठ फूट लांब व दोन फूट रुंद ओटा म्हणजे जवळजवळ नव्वद किलो. खाली कडप्प्याचा भक्कम आधार हवाच. सिंकसाठी कापलेल्या जागेचे कोपरे गोल ठेवावेत, काटकोनी कोपऱ्यातून तडा जातो. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. ते काळ्या दगडावर वाळले की पांढरे थर दिसतात. रोज कोरड्या फडक्याने पुसणे हाच उपाय, फरशीचे अ‍ॅसिड ओतू नये.

जमिनीसाठी मात्र आमचा आग्रह वेगळा आहे. झिलईचा दगड ओला झाला की निसरडा होतो. विहारात लोक अनवाणी येतात, पावसाळ्यात पाय धुऊन येतात, त्यात म्हातारी माणसे असतात. पायऱ्यांना व प्रवेशद्वाराशी झिलई न केलेला, खडबडीत पोताचाच दगड लावावा. बाहेरच्या उघड्या पायऱ्यांना काळा दगड लावूच नये. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्यावर अनवाणी पाय ठेवणे अशक्य होते. तिथे शहाबादी फरशी स्वस्तही पडते व सोसवतेही. पैसा वाचेल तो आतल्या आसनाला लावावा. संगमरवरी पांढऱ्या मूर्तीखाली काळे ठिपकेदार आसन फार शोभते.

एक गोष्ट किमतीच्या पावतीत नसते. दगड कापणारा व घासणारा माणूस बहुधा आपल्यासारख्याच गरीब घरातला असतो. कोरड्या ग्राइंडरची धूळ फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खऱ्या ग्रॅनाईटमध्ये क्वार्ट्झ जास्त, म्हणून धोका जास्त. काळ्या दगडात कमी, पण धूळ ती धूळच. राजस्थानात या आजाराचे रुग्ण इतके आहेत की तेथील सरकारला २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण आखावे लागले. आपल्या घरी काम चालू असताना कापण्याचे काम उघड्यावर व पाणी सोडून करून घ्यावे, कारागिराला चांगला मास्क द्यावा. सम्यक आजीविका म्हणून आपण जे शिकतो त्यात दुसऱ्याची आजीविकाही येते. त्यासाठी अर्धा दिवस जास्त लागला तर लागू द्यावा.

राहता राहिला दानफलक. विहारात दात्यांची नावे काळ्या ग्रॅनाईटवर कोरण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. ती जुनीच आहे. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ मध्ये तिथे नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले. या भोगवर्धनच्या रहिवाशांनी सांची व भरहुतच्या स्तूपांना दिलेल्या दानांची नोंद तिथल्या दगडांवर आजही वाचता येते. पितळखोऱ्याच्या खांबांवर पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. ती अक्षरे खोल आहेत, म्हणून टिकली. ठिपकेदार दगडावर बारीक अक्षरे ठिपक्यांत हरवून जातात, वरून भरलेला सोनेरी रंग काही वर्षांत निघतो आणि मग कुणाचेच नाव वाचता येत नाही. म्हणून फलकासाठी ठिपके नसलेला निखळ काळा दगड घ्यावा, अक्षर मोठे ठेवावे, रंग न भरताही बोटाला लागेल इतके खोल कोरून घ्यावे, आणि कोरण्यापूर्वी नावांची यादी दोघांकडून वाचून घ्यावी.