खिशातला संगणक आणि त्याची किल्ली

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी पहिला स्मार्टफोन घेतला. घरी येऊन सर्वांत आधी एका मराठी दैनिकाचे संकेतस्थळ उघडले, तर मजकुराच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या ओळी. मी घाबरलो नाही, कारण हा आजार ओळखीचा होता. विंडोज एक्सपीच्या काळात संगणकावरही असेच होई. त्यावरचा उपाय ठरलेला होता. कंट्रोल पॅनेलमधल्या भाषेच्या पानावर एका चौकटीत खूण करायची, विंडोजची सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. असे मी कितीतरी ओळखीच्यांच्या घरी जाऊन, एका चहाच्या मोबदल्यात, केलेले आहे.

फोनवर मात्र तशी चौकट सापडेना. देवनागरी दिसायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे फाँट. दुसरी म्हणजे अक्षरे जुळवणारा प्रोग्राम. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' टंकतो आणि मग वेलांटी. पण ती वेलांटी 'क'च्या अलीकडे काढायची, 'क्' आणि 'ष' मिळून 'क्ष' करायचा, ही कामे हा प्रोग्राम करतो. फाँट मोफत मिळत होता, माझ्या मेमरी कार्डात पडूनही होता. पण तो फोनच्या ज्या फोल्डरात ठेवायचा, तिथे लिहिण्याची मला परवानगी नव्हती. फोन माझा, पैसे माझे, फाँट माझ्याजवळ. तरी काम अडले ते परवानगीपाशी.

शेवटी ऑपेरा मिनी या ब्राउझरने वाट काढून दिली. त्यात आडबाजूला एक पर्याय होता. तो निवडला की दूरवरचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रे करून पाठवी. म्हणजे मराठी वाचण्याचे काम माझ्या खिशातल्या यंत्राऐवजी परदेशातले एखादे यंत्र करीत होते. पुढच्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी रीतसर आली आणि प्रश्न मिटला. माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहून गेला. फोन आणि संगणक यांतली सीमा पुसट होत चालली आहे असे सगळे म्हणतात. मग मी नेमका कोणत्या सीमेवर अडलो होतो?

यंत्रात सीमा नाही

१९३६ साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने एक कल्पना मांडली. योग्य सूचना दिल्या तर एकच यंत्र कोणत्याही यंत्राचे गणन करून दाखवू शकेल. संगणकाची याहून नेमकी ओळख मला आजवर मिळालेली नाही. गिरणीत पीठ होते आणि शिलाई यंत्रावर शिवण होते. संगणकाचे काम मात्र त्याला दिलेला प्रोग्राम ठरवतो.

या कसोटीवर फोन फार पूर्वीच संगणक झाला. १९९४ मध्ये आयबीएमचा 'सायमन' हा स्पर्शपडद्याचा फोन विक्रीला आला. त्यात दिनदर्शिका, पत्त्यांची वही आणि ई-मेल होते. १९९६ च्या 'नोकिया ९००० कम्युनिकेटर'मध्ये तर इंटेलच्या ३८६ घराण्यातला प्रोसेसर होता. हेच घराणे आपल्याकडच्या कार्यालयांतल्या संगणकांत काम करीत होते.

याच्या उलट प्रवास एआरएमचा. आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये ज्या रचनेचा प्रोसेसर असतो, ती मुळात फोनसाठी जन्मलीच नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ती टेबलावरच्या संगणकासाठी आखली. पहिली चिप १९८५ मध्ये तयार झाली. तिच्यात सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेल ३८६ मध्ये ते सुमारे पावणेतीन लाख होते. एआरएमची रचना साधी, म्हणून वीज कमी खाणारी. पुढे बॅटरीवर चालणाऱ्या फोनांना नेमके तेच हवे होते. फोनमध्ये ती वाढली, बलवान झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या 'एम वन' चिपच्या रूपाने पुन्हा मॅक संगणकात परतली.

पुढच्याच वर्षी ॲपलने ही 'एम वन' आयपॅड प्रोमध्येही बसवली. आता दोन वस्तू शेजारी ठेवून पाहा. मॅकबुक एअरमध्ये 'एम वन' आणि आयपॅड प्रोमध्येही 'एम वन'. मॅकबुकवर मी स्वतः लिहिलेला किंवा मित्राने पाठवलेला प्रोग्राम चालवू शकतो. फार तर तो एकदोन इशारे देईल. आयपॅडवर आपल्याकडे ॲपलच्या दुकानातूनच जावे लागते. चिप तीच असताना एक 'संगणक' आणि दुसरी 'ॲप चालवणारी पाटी' असा फरक पडतो तो केवळ सॉफ्टवेअरमुळे. आणि सॉफ्टवेअर कोणीतरी तसे ठरवून लिहिल्याखेरीज तसे होत नाही.

पडदा जोडून पाहिला

ही सीमा पडद्याच्या आकारात आहे असे समजून कंपन्यांनी बरेच प्रयोग केले. २०११ मध्ये मोटोरोलाने 'ॲट्रिक्स' हा फोन लॅपटॉपच्या रिकाम्या सांगाड्यात खोचण्याची सोय केली. २०१३ मध्ये 'उबुंटू एज' या फोनसाठी लोकवर्गणी मागितली गेली. खिशात असताना फोन, मोठ्या पडद्याला जोडला की पूर्ण लिनक्स संगणक, असे त्याचे स्वप्न होते. मागितले होते ३ कोटी २० लाख डॉलर. जमले सव्वा कोटीहून थोडे अधिक, आणि बेत सोडून द्यावा लागला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कंटिन्युअम' आणले, तर २०१७ मध्ये सॅमसंगने 'डेक्स'. डेक्स आजही आहे आणि मी ते वापरतो.

यांतले कंटिन्युअम मला सर्वांत बोलके वाटते. फोन पडद्याला जोडला की समोर विंडोजसारखे दृश्य येई; खाली पट्टी, कोपऱ्यात स्टार्टचे बटण. पण विंडोजवर वर्षानुवर्षे चालत आलेले प्रोग्राम त्यावर चालत नसत. दुकानातली, त्यासाठी खास लिहिलेली ॲपच चालत. पडदा मोठा झाला, कळफलक आला, माउस आला, तरी लोकांनी त्याला संगणक मानले नाही. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

कुलूप का आले?

कंपन्यांनी उगाच कुलूप लावले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुरुवातीच्या सिम्बियन फोनांवर कुठलाही प्रोग्राम घालता येई. २००४ मध्ये 'कॅबीर' हा ब्लूटूथवरून पसरणारा किडा आला. समोरचा फोन 'घेऊ का?' असे विचारी आणि माणसे 'हो' म्हणत. २००६ च्या सुमारास बाजारात आलेल्या सिम्बियन फोनांत महत्त्वाच्या सोयी वापरणाऱ्या प्रोग्रामला डिजिटल सही सक्तीची झाली. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनवर तर बाहेरच्यांचे प्रोग्राम घालण्याची सोयच नव्हती. जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० ॲप घेऊन ॲपलचे दुकान उघडले आणि दाराशी तपासणी बसली.

अँड्रॉइडने याशिवाय आणखी एक कल्पक गोष्ट केली. त्याच्या तळाशी लिनक्स आहे. लिनक्सचे पूर्वज ज्या काळातले, तेव्हा एका मोठ्या संगणकावर अनेक माणसे काम करीत. म्हणून एकाने दुसऱ्याच्या फाइली पाहू नयेत अशी व्यवस्था त्यांत मुळापासून आहे. फोन वापरणारा तर सहसा एकटाच. तेव्हा अँड्रॉइडने माणसाऐवजी प्रत्येक ॲपलाच वेगळा 'वापरकर्ता' मानले. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत राहते, शेजारच्या खोलीत डोकावू शकत नाही. कॅमेरा किंवा संपर्कयादी हवी असेल तर ऐन वेळी मालकाला विचारावे लागते. ही पद्धत २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून सुरू झाली.

टेबलावरच्या संगणकात अशा भिंती फारशा नव्हत्या. तिथे तुम्ही चालवलेला साधा खेळही तुमची सगळी कागदपत्रे वाचू शके. या बाबतीत फोन संगणकाच्या पुढे गेला. आज लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एपीके फाइल पाठवून बँक खाती साफ करणारे टोळभैरव आपल्या अवतीभोवती आहेत. सजग राहा, असे पोलीस पुन्हा पुन्हा सांगतात. अशा वेळी भिंती नकोत असे कोण म्हणेल?

भिंत वेगळी, किल्ली वेगळी

पण इथेच दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. खोल्यांमधल्या भिंती ही सुरक्षितता आहे. घराच्या मुख्य दाराची किल्ली कोणाकडे, हा मालकीचा प्रश्न आहे. किल्ली कंपनीकडे असल्याने काही चोर दारातच अडतात, हे खरे. पण भिंती उभ्या राहण्यासाठी किल्ली कंपनीकडेच असली पाहिजे असे नाही. मार्च २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनांवर 'टर्मिनल' दिले. त्यात डेबियन हे पूर्ण लिनक्स एका आभासी यंत्रात, म्हणजे बंद खोलीत, चालते. आत मी काहीही करावे. बाहेरच्या बँकेच्या ॲपला धक्का लागत नाही. फोनवर मोकळीक आणि सुरक्षितता एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

तरीही वारा दुसऱ्या दिशेने वाहतो आहे. विंडोजचे काही लॅपटॉप 'एस मोड'मध्ये येतात. त्यावर केवळ मायक्रोसॉफ्टच्या दुकानातली ॲप चालतात, सुदैवाने तो मोड बंद करता येतो. अँड्रॉइडवर दुकानाबाहेरचे ॲप घालण्याची सोय पहिल्यापासून आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले, की प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर यापुढे ओळख पटवून नोंदणी केलेल्या विकासकांचीच ॲप बसवता येतील, मग ती कुठूनही आणलेली असोत. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथे सुरुवात, आणि २०२७ पासून इतरत्र. विद्यार्थी आणि हौशी मंडळींसाठी वेगळे खाते असेल, असेही सांगितले आहे.

कायदाही या प्रश्नाशी झगडतो आहे. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसरी दुकाने आली. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ते प्रकरण पुढे अपिलात गेले. पण हे भांडण मुख्यतः कंपन्यांमधले आहे. आपल्या बाजूने विचारायचा प्रश्न त्याहून साधा आहे.

आपल्याकडे असंख्य घरांत आलेला पहिला संगणक हा फोनच आहे, आणि अनेकांच्या बाबतीत तोच शेवटचाही असेल. संगणकावर मराठी स्थिरावली ती काही केवळ मोठ्या कंपन्यांमुळे नाही. फाँट बनवणारे, कळफलकांचे आराखडे करणारे, सीडीवर भरून ते फुकट वाटणारे हौशी लोक त्यामागे होते. त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. उद्या एखाद्या शिक्षिकेने अहिराणीचा छोटा शब्दकोश ॲप म्हणून केला, तर तो आपल्या तीस विद्यार्थ्यांना देण्यासाठी तिला काय करावे लागेल? आज गूगलच्या दुकानासाठी एकदाच २५ डॉलर, ॲपलसाठी दरवर्षी ९९ डॉलर. अँड्रॉइडवर आज ती ते ॲप फाइल म्हणून थेट पाठवूही शकते. उद्या आधी नोंदणी करावी लागेल.

नोंदणी म्हणजे आभाळ कोसळले असे मी म्हणत नाही. पण नवा फोन घेताना आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास, एवढेच विचारतो. मी अलीकडे दुकानदाराला आणखी दोन गोष्टी विचारतो. याचा बूटलोडर उघडता येतो का? आणि कंपनीने अपडेट थांबवल्यावर यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालता येईल का? बहुतेक वेळा तो माझ्याकडे बघतच राहतो. मागच्या महिन्यात एकाने मात्र शेजारच्या दुरुस्तीवाल्या मुलाला हाक मारली. त्याने मला दोन मॉडेले सांगितली. त्यांतले एक मी घेतले, आणि हा लेख त्यावरच टंकला आहे.