तेरावे फाटक

इंडोनेशियातील जावा बेटावर मलांग शहराजवळ कांजुरुहान हे स्टेडियम आहे. १ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री तेथे यजमान अरेमा संघ सुराबायाच्या पर्सेबाया संघाकडून ३-२ असा हरला आणि काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या सुरक्षानियमांना मैदानावर असा वायू मान्य नाही. येथे तर नळकांडी प्रेक्षकांनी भरलेल्या सज्ज्यांवरही पडली. गुदमरलेले लोक फाटकांकडे धावले. काही फाटके बंद, उघडी होती ती अरुंद. १३५ जणांचा अंत झाला, त्यांत मुलेही होती.

१८ ऑक्टोबरलाच अध्यक्ष जोको विदोदो यांनी हे स्टेडियम पाडून नवे बांधण्याची घोषणा केली. सदोष वास्तू पाडावी, यात गैर ते काय? परंतु मृतांच्या अनेक आप्तांनी विरोध केला. न्यायनिवाड्यापूर्वीच जिने आणि फाटके नाहीशी झाली, तर पुरावाच नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची शंका अनाठायी नव्हती. भिंत पाडणे सोपे असते. धूर सोडण्याचा हुकूम भिंतीने दिलेला नव्हता. मार्च २०२३ मध्ये सुराबायाच्या न्यायालयाने दोन पोलीस अधिकाऱ्यांना निर्दोष सोडले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून त्यांना कारावास दिला.

पुढे स्टेडियमची पुनर्बांधणी झाली. जेथे अनेकांनी प्राण सोडले ते तेरावे फाटक मात्र, आप्तांच्या आग्रहामुळे, राखण्यात आले.